एकाच कामात पटाईत पात्रं चौफेर कशी होतील?

प्रश्न थोडक्यात असा: फासे टाकत गोष्ट रचायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, चालू आहे, टेबलावर चार खेळाडू. फायटरला (लढवय्याला) तलवारीपलीकडे काही येत नाही. वॉरलॉक (जादूगार) दर वेळी तोच एक मंत्र फेकतो. कोणाशी दोन शब्द बोलायचे असले की सगळे बार्डच्या (गोडबोल्या गवयाच्या) तोंडाकडे बघतात. पार्श्वभूमी विचारली तर 'अनाथ आहे, गाव जळालं' एवढ्यावर विषय संपतो. उपाय म्हणून तुम्ही, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमने, दोन नियम काढलेत: कुठलीही अ‍ॅबिलिटी (पात्राचा ताकद, छाप असा मूळ गुण) 10 च्या खाली न्यायची नाही, आणि प्रत्येकाने दोन पानी पार्श्वभूमी लिहून द्यायची. खेळाडूंनी कुरकुरत दोन्ही पाळले, खेळ मात्र जसाच्या तसा राहिला. आता आणखी कडक नियम करावेत का, आणि चालू कॅम्पेनमध्ये पात्रं नव्याने बांधू द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय.

नवे नियम नकोत, आणि मी तुमच्या जागी असतो तर हे दोनही मागे घेतले असते.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्यात. एक क्षमतेची: पात्राला एकच काम येतं. दुसरी स्वभावाची: पात्राला हवं-नको, नातीगोती, भीती, हट्ट असं काही नाही. या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही. तीन अ‍ॅबिलिटी 8 वर ठेवलेला बार्बेरियन टेबलावरचं सगळ्यात जिवंत पात्र असू शकतो, आणि सगळीकडे 12-13 असलेलं पात्र पुठ्ठ्याचं असू शकतं. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तुम्हाला खुपतंय ते दुसरं, आणि 10 चा नियम पहिल्यावरचा आहे. दुखणं एक, औषध दुसरं.

दोन्हींचं मूळ मात्र मला एकाच जागी दिसतं. परीक्षेत जे येतं तेवढंच मुलं वाचतात, आणि खेळाडूही तेच करतात. टेबलावर तासन् तास 'किती डॅमेज?' हाच प्रश्न पडत असेल, तर कॅरेक्टर शीट त्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच भरलं जाणार. खेळाडू आळशी आहेत असं मला वाटत नाही. उलट तुमचा खेळ काय मागतो ते त्यांनी बरोबर ओळखलंय.

हे सगळं किती लागू पडेल ते तुमच्या खेळावर अवलंबून आहे. एका बैठकीत संपणारं साहस असेल तर एकसुरी पात्रं चालतात, कधीकधी तीच बरी. तुमच्या मंडळींना नकाशा, सापळे, राक्षस आणि लूट एवढंच हवं असेल, तर तोही खेळ प्रामाणिक आहे. 1974 साली हा खेळ छापला गेला तेव्हा तो युद्धाच्या पटावरच्या खेळांतूनच आला होता. पुढचं सगळं मी लांब पल्ल्याचं कॅम्पेन आणि थोडीफार उत्सुकता असलेले खेळाडू गृहीत धरून सांगतोय.

आधी आकडे बघू, कारण खेळाडू त्यांच्याकडेच बघून निर्णय घेतात. पाचव्या आवृत्तीत पॉइंट-बायला, म्हणजे हे आकडे विकत घ्यायला, 27 गुण मिळतात. 8 ते 13 पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, पण 14 आणि 15 या पायऱ्यांना दोन-दोन. म्हणजे नियमांनीच टोकाला जाणं महाग केलंय. तरी लोक 15, 15, 15, 8, 8, 8 असं खुशाल करतात, बरोबर 27 होतात. का? करिस्मा (छाप पाडण्याचा गुण) 8 असलेल्या, परस्वेजन (मन वळवणं) न शिकलेल्या फायटरला वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात -1 मिळतो. डीसी (गाठायचा आकडा) 15 असेल तर त्याला 16 किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे चारात एकदा. बार्डला त्याच ठिकाणी +7 असतो, त्याला 8 पुरतात. अशा वेळी फायटरने तोंड उघडणं हा पार्टीचा, म्हणजे पात्रांच्या गटाचा, तोटा आहे, आणि चांगला सहकारी तोटा करत नाही. तुमच्या नियमाने त्याचा करिस्मा 8 चा 10 झाला, -1 चा 0 झाला. वीस बाजूंच्या फाशावर एका बाजूचा फरक. तेवढ्यासाठी कोण बोलायला लागणार?

म्हणून मी शीटवरच्या आकड्यांना हात लावत नाही. रोल (फासा टाकणं) कधी मागायचा आणि कसा मागायचा ते बदलतो.

चोरपावलांनी जाण्याचं उदाहरण घ्या. चौघांनी स्टेल्थ रोल करायचा, एकही चुकला तर पहारेकरी जागे. प्रत्येकाची यशाची शक्यता निम्मी धरली तरी चौघंही निभावण्याची शक्यता जेमतेम 6 टक्के. एक-दोनदा हात पोळले की पार्टी ठरवते: रोग (चोरपावलांत पटाईत पात्र) एकटा पुढे जाईल, बाकीचे बाहेर थांबतील. झालं, त्या प्रसंगात तीन पात्रं खुर्चीवर बसून. पण याच नियमांत ग्रुप चेक आहे: निम्मे यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी. त्याच निम्म्या शक्यतेने आता 69 टक्के होतात. चिलखत घातलेला पॅलाडिनही सोबत निघतो, त्याचं काहीतरी खणखणतं, रोग त्याच्यावर डोळे वटारतो, आणि तुम्हाला फुकटात एक प्रसंग मिळतो. नियम पुस्तकात कायम होताच. बरेच डीएम तो वापरत नाहीत, एवढंच.

दुसरी जागा म्हणजे कौशल्य आणि अ‍ॅबिलिटी यांची जोडी. इंटिमिडेशन (धमकावणं) म्हटलं की करिस्मा, असं सगळ्यांच्या हाताला बसलंय. 2014 च्या नियमांत वेगळी अ‍ॅबिलिटी लावायची पर्यायी मुभा आहे, आणि तिथे स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) इंटिमिडेशन हेच उदाहरण दिलंय. फायटरने लोखंडी कडी हाताने वाकवून दुकानदारापुढे ठेवली तर मी स्ट्रेंग्थच लावतो. वॉरलॉकला एखादी खोटी वंशावळ ओळखायची असेल, तर त्याला कोर्टकचेरीत उमेदवारी केल्याची पार्श्वभूमी आहे का, ते विचारतो. असेल तर बऱ्याचदा रोल न घेताच सांगून टाकतो. पार्श्वभूमीमुळे काहीतरी सरळ हाती लागतं हे दिसलं की पुढच्या वेळी खेळाडू स्वतःहून म्हणतो, "माझा मामा कारकून होता, हे चालेल का?" चालू द्या. दोन पानं लिहून घेतल्याने जे झालं नाही, ते एवढ्याने सुरू होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमची एनपीसी मंडळी, म्हणजे तुम्ही चालवता ती पात्रं, कोणाशी बोलतात? बहुतेक टेबलांवर एनपीसी 'पार्टी'शी बोलतो, आणि पार्टीच्या वतीने बार्ड उत्तर देतो. मी एनपीसीला ठरावीक माणसाकडेच बघायला लावतो. एक प्रसंग सांगतो, माझ्याच टेबलावरचा. शहराच्या वेशीवर तपासणी चालू होती. बार्डने नेहमीप्रमाणे पुढे होऊन गोड बोलायला सुरुवात केली. मी म्हणालो, पहाऱ्यावरचा नाईक तुझ्याकडे बघतच नाहीये. त्याची नजर फायटरच्या तलवारीच्या मुठीवर आहे. तो फायटरला विचारतो, "ही मूठ सातव्या तुकडीची. ती तुकडी तर बरखास्त झाली. तुझ्याकडे कुठून आली?" बार्ड मदतीला धावला, तर नाईक म्हणाला, "तुला नाही विचारलं."

खेळाडूने माझ्याकडे बघून विचारलं, "काय रोल करू?" मी म्हटलं, "काहीच नको. तू काय सांगतोस ते सांग." तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "वस्तादाची आहे. त्याने विकली, मी घेतली." मी विचारलं, खरं आहे हे? तो म्हणाला, "नाही. विकली नव्हती." बास. तोपर्यंत त्या फायटरला कुठला वस्ताद आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, खुद्द खेळाडूलाही नाही. पुढचे कित्येक सेशन ती तलवार आणि तो वस्ताद कथेत राहिले. त्याचा करिस्मा 8 होता आणि 8 च राहिला.

यात काय केलं ते वेगळं काढून सांगतो. प्रश्न असा निवडला की उत्तर फक्त त्या एका पात्राकडेच असेल. रोल मागितला नाही, त्यामुळे कमी आकड्याची भीती गेली. आणि उत्तर आल्यावर लगेच दुसरा, जरा अडचणीचा प्रश्न विचारला. दर सेशनला प्रत्येक पात्रासाठी असा एक प्रश्न तयारीच्या वहीत लिहून ठेवा. चारही विचारून होणार नाहीत. दोन झाले तरी पुष्कळ.

पार्श्वभूमीच्या पानांबद्दल. लांब पार्श्वभूमी ही खेळाडूने एकट्याने घरी लिहिलेली गोष्ट असते. ती संपलेली असते, आणि टेबलावरच्या इतर तिघांना तिच्याशी देणंघेणं नसतं. मी त्याऐवजी पहिल्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तोंडी प्रश्न विचारतो. तू कोणाचं देणं लागतोस? तुझ्यावर अजूनही चिडलेलं असं कोण आहे, आणि त्याचं चिडणं रास्त आहे का? या पार्टीतल्या कोणासमोर तुला लाज वाटेल असं काय घडलंय? 'तुझं पात्र कसं आहे?' हा प्रश्न मात्र कधी विचारू नये. त्यावर 'शूर, पण एकलकोंडा' यापलीकडे काही येत नाही. उत्तरात दुसऱ्या माणसाचं नाव यावं लागेल असाच प्रश्न धरा.

आणि ती अनाथ पोरं! याचा दोष बराचसा आपल्याच, म्हणजे डीएम लोकांच्या माथी आहे. खेळाडूने बहीण लिहिली की तिसऱ्या सेशनला बहिणीचं अपहरण ठरलेलं. आई-वडील लिहिले की खलनायकाने घर जाळलंच. दोन-तीन कॅम्पेन खेळलेला माणूस शहाणा होतो आणि गाव आधीच जाळून टाकतो, म्हणजे तुमच्या हातात धरून ठेवायला काही राहत नाही. हे थांबवायचं असेल तर नातेवाईक उपयोगी पडू द्या. बहीण जखमींना आसरा देते, काका बाजारातल्या खबरी पुरवतो, जुना सावकार तगादा लावतो पण ऐन वेळी जामीनही राहतो. एखाद्याचं नातं असं कामाला आलं की बाकीच्यांनाही एकदम चुलत भाऊ आठवायला लागतात. तुमच्या टेबलावर पहिले काही महिने घरच्या माणसांना हात लावणार नाही, असं उघड सांगून टाकलंत तर आणखी बरं.

आता बक्षिसाकडे येऊ, कारण माणसं बक्षिसाच्या मागे जातात. सुरुवातीच्या आवृत्त्यांत आणलेल्या दर सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (पात्र वाढवणारा अनुभवाचा गुण) मिळायचा, आणि राक्षस मारून त्या मानाने थोडा. त्यामुळे तेव्हाचे खेळाडू शक्यतो लढाई टाळून खजिना पळवायचे. लढाईलाच एक्सपी मिळाला की लढाऊ पात्रं होतात, त्यात नवल नाही. 'कॉल ऑफ कथुलू' या अशाच दुसऱ्या खेळात एखादं कौशल्य यशस्वीपणे वापरलं की त्यापुढे खूण करायची. नंतर टक्केवारीचे फासे टाकून सध्याच्या आकड्यापेक्षा जास्त आले तरच ते कौशल्य वाढतं. म्हणजे जे कमी येतं तेच लवकर वाढतं, आणि लोक हरतऱ्हेची कौशल्यं वापरून बघायला लागतात. क्षमतेचा चौफेरपणा हवा असेल तर यापेक्षा नेटकी सोय मला माहीत नाही.

स्वभावाच्या बाबतीत पैसे कधी मोजायचे हा खरा मुद्दा. 'गर्प्स'मध्ये पात्र बनवतानाच तोट्याचे गुण मिळतात: एक डोळा नाही, वचन मोडता येत नाही, दारूचं व्यसन आहे, घ्या इतके गुण. हे ऐकायला छान, पण मोबदला आधीच हातात पडलाय. आता ते व्यसन खेळात आणायची जबाबदारी डीएमची, आणि खेळाडूचा फायदा ते विसरण्यात. 'फेट'मध्ये उलट आहे. पात्राची अडचण शीटवर एका वाक्यात लिहिलेली असते, पण ती प्रत्यक्ष आडवी येते तेव्हाच फेट पॉइंट मिळतो. डीएमने अडचण पुढे केली आणि ती टाळायची असेल, तर उलट आपला पॉइंट खर्च करावा लागतो. परिणाम असा की खेळाडू स्वतःच म्हणतात, "माझ्या गर्विष्ठपणामुळे इथे गोची होणार, हो ना?" 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये सेशन संपताना विचारलं जातं की तुझ्या व्यसनाने किंवा जुन्या जखमांनी आज तुला छळलं का, तुझी श्रद्धा किंवा पार्श्वभूमी आज दिसली का. दिसली तर एक्सपी. तिथेही मोबदला घडल्यानंतरच.

तुमच्या पाचव्या आवृत्तीत हे काम इन्स्पिरेशनने करायचं होतं. 2014 च्या पुस्तकात प्रत्येक पार्श्वभूमीला स्वभावविशेष, आदर्श, बंध आणि दोष यांचे तक्ते आहेत, आणि त्याप्रमाणे खेळलं की डीएमने इन्स्पिरेशन द्यायचं, ज्याने एका रोलला दोन फासे टाकून मोठा घ्यायचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. 2024 च्या पुस्तकात ते तक्ते गेले आणि त्या जागी कुठलाही फासा पुन्हा टाकायची मुभा देणारं हिरॉइक इन्स्पिरेशन आलं. कुठलीही आवृत्ती असो, घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी: डीएम द्यायचं विसरतो. त्याला सहा राक्षसांचे हिट पॉइंट (उरलेला जीव) सांभाळायचे असतात. त्यामुळे मी देण्याचा अधिकार खेळाडूंना देऊन टाकतो. प्रत्येकाला सेशनच्या सुरुवातीला एक काचेचा मणी. तो स्वतःसाठी वापरायचा नाही, दुसऱ्या कोणी पात्राला शोभेल असं काही अडचणीचं केलं की त्याच्यापुढे सरकवायचा, आणि मग तो त्याने इन्स्पिरेशन म्हणून वापरायचा. सेशन संपताना उरलेला मणी फुकट जातो. याने एक गोष्ट आपोआप होते. मणी द्यायचा म्हणजे दुसऱ्याचं पात्र काय आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. दोषाला बक्षीस आहे म्हटल्यावर कोणीतरी सहकाऱ्यांच्या थैल्या मारायला सुरुवात करतो आणि वर म्हणतो, "माझं पात्र असंच आहे." हे अजिबात चालवून घेऊ नका. दोषाची किंमत प्रथम स्वतःच्या पात्राला पडली पाहिजे, मगच मणी. भित्रेपणामुळे स्वतःची संधी गेली तर ठीक. भित्रेपणामुळे मित्राला दरीत सोडून पळाला, तर त्या मित्राच्या खेळाडूला विचारा की त्याला हा प्रसंग हवाय का.

रिकाम्या वेळाचं थोडक्यात. 2014 च्या नियमांनुसार नवी भाषा किंवा अवजार शिकायला 250 दिवस लागतात आणि रोज एक सोन्याचं नाणं. तुमचं कॅम्पेन जर एका संकटातून थेट दुसऱ्यात उडी मारत असेल, तर हे 250 दिवस कधीच येणार नाहीत, आणि पात्रं आहेत तिथेच राहतील. कथेत मधूनमधून हिवाळा येऊ द्या. तीन महिने सरले, काय केलंत, असं प्रत्येकाला विचारा. आकडे कमी करून शिकू द्या. वॉरलॉक सुतारकाम शिकला तर बिघडलं कुठे?

एखादा खेळाडू यातलं काहीच घेणार नाही. त्याला मित्रांबरोबर बसून फासे टाकायला आवडतं, वस्तादाबिस्तादाशी त्याला कर्तव्य नाही. त्याला नाईकासमोर उभं केलंत आणि तो अवघडला, तर एनपीसीची नजर पुढच्याकडे वळवा. त्याचा फायटर तसाच राहू द्या. चारांत एक शांत, भरवशाचा, एकाच कामाचा माणूस असला तर बाकी तिघांना वाव जास्तच मिळतो.

राहिला पात्रं नव्याने बांधण्याचा प्रश्न. बांधू द्या, पण आज नाही. आज दिलीत तर तुमच्या नियमाला घाबरून बांधतील. आधी ग्रुप चेक, नेमके प्रश्न आणि मणी घेऊन तीन-चार सेशन चालवा, म्हणजे खेळ आता काय मागतोय ते त्यांना हाताने कळेल. मग प्रत्येकाला एकदा, विनाअट मुभा द्या: दोन कौशल्यं बदला, अ‍ॅबिलिटीचे गुण हवे तर नव्याने वाटा, क्लास (फायटर, बार्ड असा पात्राचा प्रकार) तोच ठेवा. 10 चा नियम त्याच दिवशी रद्द केल्याचं सांगा. फायटरने करिस्मा परत 8 वर नेला आणि ते दोन गुण दुसरीकडे घातले, तर नेऊ द्या. तो नाईकाशी काय बोलतो तिकडे लक्ष ठेवा.